काकांच्या अक्षरातली ओळ

एडिसन,
३ ऑक्टोबर २००६

प्रिय नीलाताई,

आधी तुझ्या गुडघ्याला नमस्कार, मग तुला. तेल लावतेस की नुसतं लावते म्हणून सांगतेस? आम्ही दोघं ठीक. संजयला सर्दी झाली आहे आणि ती अख्ख्या एडिसनला कळली आहे. ऑफिसात माणसं कमी करणं चालूच आहे. गेल्या शुक्रवारी माझ्या रांगेतली दोन टेबलं रिकामी झाली. माझं अजून आहे. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

माझं शनिवारचं वेड तुला ठाऊक आहे. या दिवसांत पाखरं कॅनडाकडून दक्षिणेला निघतात आणि इथल्या किनाऱ्याच्या टोकाशी गोळा होतात. तिथे एक छोटं केंद्र आहे. झुडपांत बारीक जाळ्या लावायच्या, अडकलेलं पाखरू अलगद सोडवून कापडी पिशवीत घालायचं, टेबलाशी आणायचं, पायात नंबराची ॲल्युमिनियमची कडी घालायची, पंख मोजायचा, वजन करायचं आणि सोडून द्यायचं. तो नंबर पुन्हा दुसऱ्या कुणाला नाही. म्हणजे तेच पाखरू पुढे कुठेही सापडलं तरी ओळखू येतं. एकाने पाखरू हाताळायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं आणि लागला तर फोटो काढायचा. मी लिहिणारी. टेबलाशी कुणी एकट्याने बसायचं नाही, हा तिथला पहिला नियम.

हाताळणारे आमचे श्रीरंग काका. नागपूरला शाळेत जीवशास्त्र शिकवून रिटायर झाले, वर्षातले सहा महिने पिस्कॅटवेला मुलाकडे असतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच मला या नादाला लावलं. पहाटे चारला मी त्यांना गाडीत घेते. दोन तासांचा रस्ता, थर्मासमधला चहा त्यांचा आणि बडबडही त्यांचीच.

तर परवाच्या शनिवारी काकांनी जाहीर केलं की त्यांच्या हातात एक दुर्मिळ पाखरू आलं होतं. मॅकगिलिव्हरे वॉर्ब्लर म्हणतात त्याला, पार रॉकी पर्वताकडचं. राखाडी डोकं, पिवळं पोट, डोळ्याच्या वर एक आणि खाली एक पांढरी कोर. आमच्या या किनाऱ्यावर ते जवळजवळ दिसतच नाही. काकांनी म्हणे कडी घातली, आणि "हाफून राहिलं होतं, म्हणून सोडून दिलं." फोटो नाही. पाहिलं कुणी नाही.

चुका शोधायचा मला पगार मिळतो, ताई. प्रोग्रामर छातीठोकपणे सांगतो ना की सगळं चालतंय, तेव्हाच मी जास्त बारकाईने बघते. केंद्राच्या भिंतीवर दुर्मिळ पाखरांचे फोटो आहेत आणि प्रत्येकाखाली ज्याच्या हाती ते आलं त्याचं नाव. काका दर खेपेला त्या भिंतीपुढे उभे राहतात. एकदा आपलंही नाव लागलं पाहिजे, असं गाडीत दोनदा म्हणालेत. शिवाय त्यांच्या पाखरं ओळखायच्या पुस्तकात नेमक्या याच पाखराच्या पानात ओक ट्री रोडच्या मिठाईवाल्याची पावती खूण म्हणून घातलेली. मी डोळ्यांनी पाहिली. पान आधीच उघडून ठेवलेलं आणि पाखरू मागून आलं, असं कसं? आणि वहीतली ती एक ओळ त्यांच्या अक्षरात आहे. बाकी सगळा दिवस माझ्या अक्षरात. माझ्या हातातून वही ओढून घेतली आणि लिहिली.

केंद्र चालवणारी कॅरल कडक बाई आहे. तिने मला बाजूला घेऊन विचारलं. मी सांगितलं की मी तिथेच होते, मला तसलं काही दिसलं नाही, रोजचंच कुठलंसं पिवळं पाखरू होतं. मग तिने काकांना बोलावलं. आणि खरी मेख इथेच आहे, ते भांडलेच नाहीत. माझ्याकडे एकदा बघितलं आणि कॅरलला म्हणाले, माझी चूक झाली असेल. खरा माणूस असा गप्प बसतो का? मी तर आकाशपाताळ एक केलं असतं. कॅरलने त्या ओळीवर काट मारली आणि काकांना टेबलावरून उठवलं, हंगाम संपेपर्यंत. येताना गाडीत थर्मास कुणी उघडला नाही.

एक नोंद खोटी निघाली की सगळ्या वहीवरचा विश्वास जातो. म्हणून बोलावं लागलं. तू असतीस तर हेच केलं असतंस ना?

तुझी,
खिडकीतून उगाच फांद्या तपासत बसणारी
सुनेत्रा


एडिसन,
१९ ऑक्टोबर २००६

प्रिय ताई,

फराळ पोचला. चकल्यांचा भुगा झाला होता, पण तो तुझ्या हातचा म्हणून संजयने चमच्याने खाल्ला. अनारसे मी लपवून ठेवलेत.

रविवारी फोनवर तू एकच प्रश्न विचारलास आणि लाइन गेली. तो माणूस पाखराला कडी घालत होता तेव्हा तू कुठे होतीस? लाइन गेली ते बरं झालं, असं मला वाटलं. अगं, कुठे असणार? टेबलाशी. लिहिलं होतं की. तुला लहानपणापासून सगळ्यांचाच संशय.

काका आता येत नाहीत. घरी फोन केला तर त्यांची सून सुमेधा म्हणाली, बाबा झोपलेत. सकाळी अकरा वाजता. झोपलेत, की माझ्याशी बोलायचं नाही? डिसेंबरपर्यंत राहणार होते, आता चार नोव्हेंबरचं तिकीट काढलंय म्हणे. निघून का जायचं? सुमेधाच्या आवाजातही काहीतरी होतं. तिला त्यांनी सांगितलं असेल का, आणि सांगितलं असेल तर काय, हेच डोक्यात फिरत राहतं.

केंद्रात सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड वागतात. कॅरलने चहा ओतता ओतता विचारलं, त्या दिवशी तू फोटो का नाही काढलास? सहज विचारलं की सहज नव्हतं, मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, कॅमेऱ्याची बॅटरी गेली होती. ती बरं म्हणाली आणि वहीची पानं मागे उलटत राहिली. मागे कशाला उलटायची?

काका नाहीत म्हणून हात कमी पडतात. गेल्या शनिवारी जाळ्यांवर मी एकटीच फिरले. सात नंबरच्या जाळीत एक पाखरू सोडवताना हातून सुटलं. होतं असं कधीकधी, सगळ्यांचंच होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. तुला का सांगतेय तेही कळत नाही. तेव्हापासून झोप मात्र नीट लागत नाही. चहा कमी करायला हवा.

ऑफिसचं विचारलं होतंस. नोकरी आहे.

आणि तो प्रश्न पुन्हा विचारू नकोस.

तुझी धाकटी,
सुनेत्रा


एडिसन,
२९ ऑक्टोबर २००६

तीर्थस्वरूप श्रीरंग काकांना,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. पोस्टाने पाठवतेय, कारण दारात आले तर तुम्ही आधी चहा विचाराल आणि मग मला काही बोलता येणार नाही. पहिल्या ओळीनंतर फाडलंत तरी चालेल, पण शक्यतो शेवटपर्यंत वाचा.

तीस सप्टेंबरला सकाळी साडेनऊला मी टेबलाशी नव्हते. तुम्हाला हे माहीत आहे. पण आजवर मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं, माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. मी गाडीत होते. टेबलाशी फोनला रेंज नाही, पार्किंगमध्ये एक दांडी यायची. आदल्या रात्रीच मॅनेजरचा निरोप आला होता, सकाळी दहाच्या आत फोन कर. मला वाटलं, संपलं. नोकरी गेली की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की इथलं सगळंच गेलं. पाच मिनिटांत येते म्हणाले. तुम्ही म्हणालात, "जा पोरी, मी आहे इथे." मला चाळीस मिनिटं लागली. नोकरी गेली नव्हती, गेलेल्या दोघांचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, एवढंच. कॅमेराही त्या वेळी गळ्यातच होता. म्हणून फोटो नाही. आणि वही तुम्ही ओढून घेतली नाहीत. वही टेबलावर पडली होती, पेन मीच तिच्यात ठेवून गेले होते.

परत आले तेव्हा तुमचा चेहरा इतका फुलला होता की मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. आता सगळे विचारणार, फोटो कुठे, लिहिणारी कुठे होती. कॅरलने विचारलं, तू तिथेच होतीस ना? मी हो म्हटलं. मग त्या एका होला सांभाळायला बाकीचं सगळं बोलावं लागलं. नियम मोडला म्हणून तिने मला काढलं असतं, आणि त्या दिवसांत आठवड्यातला शनिवार तेवढा माझा होता.

मग मी तुमच्यावर संशय घेत बसले. रोज नवा पुरावा शोधायचे. बहिणीला पानंच्या पानं लिहिली, तुमच्या पुस्तकातल्या पावतीचंही लिहिलं. ती पावती माझी होती, काका. मागच्या वर्षी ते पान उघडून तुम्ही मला शिकवलंत की हा कधी आला तर आधी डोळा बघायचा, आणि खूण म्हणून मीच ती पर्समधून काढून दिली होती. लिहिताना मला ते आठवत होतं.

तुम्ही गप्प का राहिलात तेही मला तिथल्या तिथे कळलं होतं. नोकरीची धास्ती मी पहाटे गाडीत तुमच्याजवळच बोलले होते. तुम्ही मला वाचवत होतात आणि मी त्याचाच पुरावा केला. मला माझीच लाज वाटते.

आता जे सगळ्यात अवघड आहे ते. चौदा ऑक्टोबरला आठच्या सुमारास सात नंबरच्या जाळीत खालच्या बाजूला एक पाखरू अडकलं होतं. सोडवलं, हातात धरलं. राखाडी डोकं. डोळ्याच्या वर कोर, खाली कोर. पायात कडी. नंबर दोनदा वाचला, शेवटचे आकडे ४१५६७. काट मारलेली ती ओळ मला पाठ झाली होती, तुमच्या सातातल्या आडव्या रेघेसकट. त्याचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं. पिशवी कमरेला होती. कॅरल टेबलाशी होती, दोनशे पावलांवर. फक्त चालत जायचं होतं.

मी मूठ उघडली.

हातून सुटलं, असं बहिणीला लिहिलं. सुटलं नाही, मी सोडलं. तुम्ही ते जगावं म्हणून सोडलं होतंत. मी सोडलं ते तुम्ही खोटेच राहावेत म्हणून.

काल हे सगळं कॅरलला लिहून दिलं, सहीनिशी. प्रत सोबत आहे. तिने दोनदा वाचलं आणि विचारलं, तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं? कुणी नाही. फोटो? नाही. मग म्हणाली की काट मारलेला नंबर अजून वाचता येतो, तो तू वहीतूनही घेतला असशील, मी कशावरून मानू? तिचं बरोबर आहे. तिच्या जागी मी असते तर मीही मानलं नसतं. ती ओळ तशीच राहील. मला तिने यापुढे येऊ नकोस म्हणून सांगितलं. आणि जाता जाता म्हणाली, त्यांना सांग, येत्या शनिवारी टेबल त्यांचं आहे.

शनिवारी तर तुमचं विमान आहे.

भिंतीवर तुमचं नाव लागणार नाही, आणि ते माझ्यामुळे. पण ते पाखरू आलं होतं, काका. तुम्ही लिहिलंत तेच होतं. हे जगात दोघांनाच माहीत आहे, आणि त्यातल्या एकीच्या शब्दाला आता किंमत उरलेली नाही. क्षमा मागत नाही. तुम्ही लगेच करून टाकाल, म्हणून मागत नाही.

साडेनऊला टेबलाशी नसलेली,
सुनेत्रा