चिंचोक्यांच्या पुड्या

नागापूर, १५ ऑक्टोबर १९९५

ती. अक्कास सहादेवचा सप्रेम जयभीम, वि. वि.

सुट्टी लागली म्हणून तुझ्या सीमाला आपल्या गावच्या गोरक्षसोबत अकोल्याच्या एस.टी.त बसवून दिलं आहे. तिच्या इथल्या मतिमंद मुलांच्या शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं होतं. आमच्या कंपनीत बोल्टांच्या पुड्या भरायला त्यांच्या शाळेतली एक मुलगी घेणार आहेत. बाई म्हणाल्या, शाळा निम्मंच शिकवते, निम्मं आईनं करून घ्यायचं. रोज तिला दहा-दहा चिंचोके मोजून पुड्या भरू दे. चुकली तर चूक तिलाच शोधू दे, तू मधे हात घालायचा नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीची वेणी तू अजून घालतेस, म्हणून बजावतो. रागावू नको.

धाकट्यावर माया ठेवतेस तशीच ठेव.

सहादेव

अकोले, २ नोव्हेंबर

चि. सहादेवास अक्काचा जयभीम आन् अ. आ.

वेणीवरनं बोललास, पन तुझं नाक कोन पुसत हुतं ते विसरलास व्हय? सीमा रोज ओट्यावर पुड्या भरती. मग जेवती आन् जेवून उठली की आमी दोघी मिळून मोजतो. एकूनएक बरोबर! पोरगी टाळ्या पिटती. माझ्यामागं हिचं कसं, ह्या घोरानं मला झोप नव्हती रे. आता लई हलकं वाटतंय. भरलेल्या पुड्या गोरक्षजवळ धाडल्यात, बाईंना दाव.

भाचीवर जीव हायेच तुझा, तो कमी करू नको.

तुझी अक्का

नागापूर, २१ नोव्हेंबर

ती. अक्कास सप्रेम जयभीम, वि. वि.

लिहायला हात धजत नाही, पण तुझ्यापासून लपवू कसं? तुझ्या पुड्या बघून बाईंनी सीमाचंच नाव दिलं. सुट्टी संपून ती इकडं आल्यावर काल कंपनीत तिची चाचणी झाली. साहेबांनी मोजलं तर कुठं आठ, कुठं बारा. ती घाबरली नाही. हसून म्हणाली, "जेवून आले की बरोबर होतं." मधल्या सुट्टीत डबा खाऊन आली. पुड्या तशाच. मग इतर बायकांपुढं हात पसरून भाकरी मागायला लागली. पोट भरलेलं, तरी खात होती, आणि दर घासाला वळून पुड्यांकडं बघत होती. बायका हसल्या. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि गेटापाशी रडलो.

जागा दुसऱ्या मुलीला गेली. अक्का, हे जेवणाचं काय आहे? बाईही तेच विचारतात. शनिवारी तिला आणून सोडतो.

तुझा सहादेव

अकोले, ३० नोव्हेंबर

चि. सहादेवास अ. आ.

ती चुकली की तिचं तोंड एवढंसं व्हायचं. मी म्हनायचे, ऱ्हाऊ दे बाई, आधी जेवून घे, मग बघू. ती ताटावर बसली की मी मागं पुड्या सोडून चिंचोके सारके करायचे. वाटलं, शिकंल हळूहळू, तवर कशाला हिरमुसू द्यायची? मीच माझ्या लेकराचं वाटोळं केलं. हे बाईंना वाचून दाखव. त्या काय बोलतील ते बोलू दे.

तू सोडून गेल्यापासनं मी पुड्यांना हात लावला न्हाई. आज पुडीत नऊ निघाले. ती जेवून आली, आमी मोजले, नऊच. ती चुलीम्होरं गेली आन् धुतलेलं ताट पुढ्यात घेऊन परत बसली. मी हे लिहितीय, तरी ती तशीच बसलीय, माझ्याकडं बघत.

सहादेवा, तिला वाढू का नको, तेवढं बाईंना इचारून कळव.

आमा दोघींवरची माया पातळ हू देऊ नको.

तुझी अक्का