दुकान त्याचं, मशीन माझी

आप्पा, तुमच्या पोरानं काल मला भोरला नेलं. एसटी स्टँडामागं इन्कम टॅक्सची कामं करणारे साहेब बसतात, त्यांच्याकडं. मला वाटलं, माझ्या कामासाठी नेतोय. मी पण येडीच.

म्या एक मशीन केलीय. पायानं चालवायची, नाचणीच्या कणसांची मळणी करायची. तशा बाजारात हाईत, पण वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर त्या नेणार कोण? टेम्पो खालीच थांबतो. माझ्या मशीनचा खटका दाबला की दोन भाग होतात, दोन बाया डोक्यावर घेऊन वर चढतात. तिच्या पेटंटचा अर्ज माझ्या नावानं केलाय. फी, वकील, चित्रं, सगळं माझ्या म्हशींच्या दुधावर. दुकानाचा त्यात रुपया न्हाई.

साहेबांनी कागद चाळले आन् भावाला म्हणाले, "खर्च ताईंचा, धंदा तुमचा. त्यामुळं तुमच्या हिशोबात बसत नाही. ताईंचा स्वतःचा धंदाच नाही, म्हणून त्यांनाही सूट नाही. अर्ज दुकानाच्या नावावर करून घ्या. पेटंट दुकानाची मालमत्ता झाली, की दरसाल तिच्या किमतीतली घट, म्हणजे घसारा, खर्चात धरायचा. तेवढा टॅक्स कमी."

"कुणाचा टॅक्स?" म्या विचारलं.

"यांचा."

"आन् माझं काय?"

"शोध कुणी लावला, तिथं तुमचंच नाव राहतं की. फक्त हक्क दुकानाचा."

"म्हंजे कळा माझ्या, आन् पोर ह्याचं?"

साहेब हसले. भाऊ न्हाई हसला. "आक्का, घरातल्या घरात काय माझं-तुझं करतीस? सही कर न् मोकळी हो."

ताईंचा स्वतःचा धंदाच नाही. हे मला लागलं. नांदणं मोडून परत आले, तवापासून कापूरहोळच्या दुकानात वेल्डिंग मी करते. त्यो गिऱ्हाईकाशी बोलतो आन् पैसे घेतो. मला पगार न्हाई, कारण मी घरची. साहेबाच्या कागदांत मी कुठंच न्हाई. हे कुणी केलं, आप्पा? तुमी केलं.

चौथीतनं मला काढलंत, दुकानात भाकरी आणायला. मी कांब धरायची, तुमी जोडायचा. एक दिस तुमी काळी काच माझ्या हातात देता, म्हणता, "डोळं सांभाळ, हात हलू देऊ नगं." माझा पहिला जोड. तुमी त्यावरनं बोट फिरवता, "बेस," म्हणता. तेवढ्यात सारोळ्याचं गिऱ्हाईक नांगर घेऊन येतं आन् तुमी मला ढकलता. "आत हो. पोरगी जोडती म्हणून कळलं तर कोण येईल हितं?" त्यो जोड तुमचा म्हणून गेला. पुढं डोळं मिटायच्या आधी दुकान भावाच्या नावानं केलंत, तवा त्याला काच धरता येत नव्हती. मला विचारलंसुदिक न्हाई.

काल म्या सही केली न्हाई. साहेबांना म्हणलं, ऱ्हाऊ द्या तुमची सूट. मशीन मी माझ्या नावानं विकीन, माझा धंदा दाखवीन, माझा टॅक्स मी भरीन. भाऊ मोटारसायकल काढून निघून गेला, मी एसटीनं आले. आज सकाळी बघते तर दुकानाला नवं कुलूप. चावी त्याच्याकडं.

हे तुमच्यापर्यंत न्यायला कुणी न्हाई, आन् असतं तरी मी दिलं नसतं. कारण एक गोष्ट तुमाला कळाया नको. काल भावाच्या जागी तुमी असता, आन् नुसतं "कर गं सही" म्हणला असता, तर म्या केली असती.