न पाहिलेलं गायरान

प्रिय रागिणी,

तुझे फोन मी उचलले नाहीत. घरी आलीस तर उंबऱ्याच्या आतही घेतलं नाही. तुझ्या सासूबाईंनी, चंद्रभागामावशींनी आणलेलं तूप परत केलं. "पोरी, आमी अर्जाचं बोलायला आलोच न्हाई. तुझं लेकरू तापातून उठलंय म्हून आणलं," त्या म्हणत होत्या आणि मी दाराला हात लावून नुसती उभी. तू त्यांचा हात धरून जिना उतरलीस. नंतर एकदाही फोन केला नाहीस. बराबरच केलंस.

आता निकाल लागलाय, म्हणून लिहिता येतंय. तुमच्या गटाला कुरणाचं सरकारी अनुदान मिळालं नाही, हे तुला कळलंच असेल. का मिळालं नाही, ते मी सांगते.

या अनुदानाच्या निवड समितीवर मी शिकवते त्या कॉलेजातून माझं नाव गेलं, तेव्हा मला आनंद झाला होता. बीएस्सीला आपण हिंगोलीत एका खोलीत राहायचो. तू मेंढ्यांच्या गोष्टी सांगायचीस, मी हसून लोळायचे. मग लग्न होऊन तू जिल्ह्यातल्याच गोरेगावकडे गेलीस आणि बायांना जमवून ते उजाड गायरान आळीपाळीनं राखायला लागलीस. मागच्या दिवाळीत मी आले, तर जिथं नुसती कुसळं टोचायची तिथं मारवेल गवत गुडघ्याएवढं उभं होतं. अशाच कामासाठी एक योजना येऊन राहिलीय, असं तुला मीच म्हणाले होते. पुढं अर्जांच्या गठ्ठ्यात तुझं नाव दिसलं.

मी अध्यक्षांना लिहून दिलं की अर्जदार माझी मैत्रीण आहे, मी या अर्जाला गुण देणार नाही, पाहणीलाही जाणार नाही. ते हसले. "मॅडम, हिंगोली केवढीशी? इथं सगळेच एकमेकांच्या ओळखीचे." पण मी ऐकलं नाही. तुझा अर्ज निघाला की मी उठून व्हरांड्यात जाऊन बसायचे. मला वाटायचं, मी लांब राहिले की तुला न्याय मिळेल.

शेवटच्या बैठकीत अध्यक्षांनी नाकारलेल्या अर्जांची कारणं वाचून दाखवली. तुमचं कारण होतं, प्रत्यक्ष पाहणीत गवत आढळलं नाही, गटाचं काम दिसलं नाही. पाहणी समितीतल्या दोघांनी केलेली. तारीख ऐकली आणि मी चमकले. त्या दिवशी ते दोघंही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माझ्यासोबत औंढ्याच्या बाजूला दुसऱ्या एका अर्जाच्या पाहणीसाठी तळ्यावर होते. एकाच गाडीनं गेलो, एकाच गाडीनं परतलो. मी विचारलं, "तुम्ही गोरेगावला गेलात कधी?" अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "मॅडम, या अर्जातून तुम्ही बाहेर आहात ना? तुम्हीच तर लिहून दिलंय."

रागिणी, तेव्हापासून मला कुठंच हलायला जागा नाही. बोलावं तर मैत्रिणीसाठी भांडली म्हणतील, गप्प बसावं तर खोट्याला माझीही साथ. घरी यांना, प्रेमानंदांना, सांगितलं, तर त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "तुझी नोकरी कंत्राटी. पुढच्या वर्षी न्हाई घेतलं तर?" ते चुकीचं बोलत नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला आणि काय करायला आले होते तेच आठवेना.

काल मी वरच्या कार्यालयात माझ्या नावानिशी तक्रार दिली. तुला अनुदान द्या असं त्यात कुठंही नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसांनी येऊन गायरान डोळ्यांनी पाहावं, एवढंच मागितलंय. आपली मैत्रीही लिहिलीय. चौकशीला येणारे तुला विचारतील, ही बाई तुमची कोण? तू मला वाचवायला म्हणून ओळखत नाही म्हणशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तसं करू नकोस. आहे ते सांग. चौकशी संपेपर्यंत आपण बोलायचं नाही, भेटायचं नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण मग आपण दोघींनी काय ठरवलं, अशी चौकशीवाल्यांना शंका राहिली असती. म्हणून कागदावर लिहिलं. कुणी मागितलं तर खुशाल दाखव. तुझी फार आठवण येते, हेही त्यांनी वाचलं तर वाचू दे.

तुझीच,
आकांक्षा