आंटींचं ‘ओके लोर’

बेडोक, सिंगापूर
४ मार्च २०२४

ती. शिरीषदादास,
सरोजिनीचा शि. सा. न.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या भाचीचं, जाईचं नाटक इंग्लंडमधल्या एका नाटकमंडळीनं घेतलं! पण घरात आनंद काही टिकला नाही.

नाटक शेजारच्या स्वी लान आंटींवर आहे. मी नि प्रताप वन-नॉर्थला ऑफिसात असायचो, तेव्हा शाळेतून आलेली जाई त्यांच्याकडेच जेवायची. इंग्रजी बोलायला तिथंच शिकली. नाटकातल्या आंटीला मुलगा म्हणतो, हा फ्लॅट विकू, तू माझ्याकडे राहा. ती म्हणते, ओके लोर. म्हणजे हो म्हणते, पण दुसरा इलाज नाही म्हणून. तिथंच नाटक संपतं.

मंडळी म्हणतात, वाक्याच्या शेवटी येणारे हे ‘ला’ नि ‘लोर’ असले सिंगापुरी शब्द आमच्या प्रेक्षकांना कळणार नाहीत, काढा. करारावर सही झालेली. जाईनं ‘लोर’ काढलं, नुसतं ‘ओके’ उरलं. तालमीत नटीनं विचारलं म्हणे, घर सोडताना ही बाई एवढी खूश का? तेव्हापासून पोरगी धड जेवत नाही. माझं इंग्रजी ईमेलपुरतं. मी काय सांगणार तिला?

वहिनींना नमस्कार. उत्तर लवकर धाड, नाहीतर रुसेन.
तुझी,
सरोजिनी


सातारा
१९ मार्च २०२४

चि. सौ. सरोजिनीस,
अ. उ. आ.

रुसू नकोस, पन्नाशीनंतर शोभत नाही.

‘लोर’ मला बरोबर कळलं. आमच्या हौशी नाटकात मी बाप व्हायचो. मुलगी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करायचं म्हणते, आणि बाप म्हणतो, कर बाई. एका प्रयोगात ‘बाई’ गिळलं, नुसतं ‘कर’ म्हणालो, तर टाळ्या पडल्या! दिग्दर्शक पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

जाईला म्हणावं, त्यांना हेच लिही. नाहीतर सरळ मराठीत नाटक लिही. इथं बसून मी तरी आणखी काय करू?

तिघांनाही आशीर्वाद. तब्येतीला जप.
तुझा,
दादा


बेडोक, सिंगापूर
२ जुलै २०२४

ती. दादास,
सा. न.

तुझं ‘कर बाई’ जाईनं त्यांना समजावून लिहिलं. त्यांनी कौतुक केलं. बदल नाही केला. मराठीत लिहिण्याबद्दल म्हणाली, मामाला सांग, मराठीत मला फक्त भूक लागते. भांडण नि रडू आंटीच्या भाषेत येतं.

प्रयोग झाले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एका समीक्षकानं छापलं, शेवटी म्हातारीचं समाधान पाहून डोळे भरून आले. जाईनं ते मला वाचून दाखवलं नि फोन उपडा ठेवला.

परवा रविवारी आंटी आल्या होत्या. जाईला रेकॉर्डिंग दाखवायचं नव्हतं, पण त्यांनीच हट्ट धरला. मान डोलवत अख्खं नाटक पाहिलं. मग जाईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, व्हेरी नाइस, गर्ल. बट धिस लेडी हू आह?

जाई हसली. कोणी नाही आंटी, म्हणाली. प्रतापनं टीव्ही बंद केला. मी उठून चहा टाकला.

तुला काही सुचलं तर कळव, दादा. नाही सुचलं तरी लिही.
तुझी,
सरोजिनी