कोपऱ्यातली लाल पाटी

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. बाबा ठणठणीत आहेत, मीही चालतीबोलती आहे. रोज फोनवर बोलणं होत असताना आईला हे पत्राचं काय खूळ सुचलं, असं म्हणशील. म्हण. फोनवर बोलताना तुझे बाबा शेजारीच बसलेले असतात आणि माझ्याआधी त्यांचंच ‘हो, हो’ चालू असतं. आत्ता ते केस कापायला गेलेत, तेवढ्यात लिहून घेते.

संगणकाचं ते प्रकरण तुला माहीतच आहे. विणकामाचे नमुने बघायला मी एक साइट उघडली, तिनं विचारलं, सूचना पाठवल्या तर चालतील का. आता इतक्या अदबीनं कुणी विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? म्हटलं, पाठव बाई. झालं, भटाला दिली ओसरी. दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात टिंग करून लाल पाटी. तुमच्या संगणकात व्हायरस शिरलेत, तुमचे फोटो पुसले जातील, ताबडतोब इथे दाबा. एक बंद करावी तर तिच्या मागून दुसरी. खरं सांगू, माझी पाचावर धारण बसली होती. पडद्यावर रुमाल टाकायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. बाबांनी तर वायरच उपटली, वर मलाच म्हणाले, आणखी वीण मोजे.

मग तू शिकवलंस. सेटिंगमध्ये जायचं, आपण कुणाकुणाला सूचना पाठवू दिल्यात ती यादी उघडायची आणि अनोळखी नाव दिसेल त्याला हाकलायचं. पाटीवर दाबायचं नाही, तिच्यातल्या नंबरला फोन करायचा नाही. व्हायरसबियरस काही नसतो, नुसती भीती दाखवतात, म्हणालीस. मी ते नाव काढलं आणि पाटी गेली. इतकं हायसं वाटलं गं.

त्यानंतर माझ्या अंगातच आलं. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई पाटीवरच्या नंबरला फोन लावत होत्या, त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. समोरच्या स्टेशनमास्तरांच्या यादीत इतकी नावं, की म्हटलं, एवढे प्रवासी तुमच्या फलाटावरही कधी उतरले नसतील. आधी रागावले, मग हसले. आता जिन्यात कुणी भेटलं की गुडघ्यांची चौकशी मागे पडते, आधी पाट्यांची होते. तुझे बाबा मला डॉक्टरीणबाई म्हणतात. मी सगळ्यांना एकच सांगते, घाबरू नका, यादीत नाव नसेल तर पाटी येऊच शकत नाही. हे सांगताना हल्ली मी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही.

कारण माझी पाटी परत आली, भिंगरी. आधी वाटलं, कुठेतरी पुन्हा हो म्हणून बसले असेन. यादी उघडली तर रिकामी. तुला फोनवर सहज म्हणून विचारलं होतं, आठवतं? तूही म्हणालीस, रिकामी असेल तर येणार नाही. बाबांना हाक मारली. ते चष्मा लावून आले, पडद्याकडे बघितलं आणि कुठे आहे म्हणाले. मला ती समोर दिसत होती, अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. मी म्हटलं, गेली वाटतं. असं पुन्हा झालं, मग पुन्हा झालं, आणि मी त्यांना हाक मारणंच सोडलं. एकटी जाऊन डोळे तपासून आले. डोळे अगदी चांगले आहेत म्हणाले. येताना बसमध्ये मला रडू आवरेना.

माझ्या आईचं शेवटी काय झालं ते तुला फारसं आठवत नसेल. रिकाम्या खुर्चीत पाहुणे बसलेत म्हणायची, त्यांना पाणी द्यायला लावायची. जावई असून तुझ्या बाबांनी तिचं सगळं केलं, घास भरवले. म्हणूनच त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. अर्धं वाक्य बोलले तरी त्यांना सगळं कळेल.

मागच्या आठवड्यात मीच संगणक दुरुस्तीला पाठवला, पंखा आवाज करतो म्हणून. पंख्याला काही झालेलं नव्हतं. टेबल रिकामंच आहे. काल दुपारी मी ते पुसायला गेले आणि टिंग झालं. भिंतीवर, खाली कोपऱ्यात, लाल पाटी. मी फडकं घेऊन तशीच उभी राहिले. आणि मग, कुणाला सांगू नकोस, मी भिंतीवर दाबून बघितलं.

तू ये. सुट्टी मिळाली म्हणून सांग, आणि खरेदीच्या निमित्तानं मला डॉक्टरांकडे घेऊन चल. मला फार भीती वाटते. फोनवर हे बोललं असतं तर हवेत गेलं असतं, मला कागदावरच हवं होतं. कारण तू येशील तोवर मी कशी असेन, मला ठाऊक नाही. कदाचित मला काही झालेलं नाही म्हणून तुझ्याशी भांडेन. आईही भांडायची. भांडले तर माझं काही ऐकू नकोस, हे पत्र माझ्यासमोर धर. तुझ्यावर विश्वास नाही बसला, तरी माझं अक्षर मी ओळखेन.

तुझीच,
आई