पुसून बघितलेला सेन्सर

शनिवार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. आज तो नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून केला आहे असं समज, कारण पुढे तुझा ओरडा खायचा आहे. गुडघा कसा आहे? दुकानात दिवसभर उभी राहू नकोस. ते स्टूल औषधांची खोकी ठेवायला नाही, तुला बसायला आणलंय. भाऊजींना नमस्कार. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, फोन केला की तो अण्णा उचलतात, आणि मेसेज आला की ‘कोणाचा, काय म्हणतोय, वाच’ करून तुझ्याकडून अक्षर न् अक्षर वाचून घेतात. म्हणून हे दुकानाच्या पत्त्यावर. वाच, आणि घरी नेऊ नकोस.

विषय असा की गाडी बंद आहे. तीच गाडी, जिच्यातून येत्या गुरुवारी अण्णांना इकडे आणून शुक्रवारी सकाळी आठला डोळ्यांच्या दवाखान्यात हजर करायचं ठरलंय. दोन वर्षं आपण दोघं त्यांच्या मागे लागलो. दोन वर्षं त्यांचं एकच, की मोतीबिंदू वगैरे काही नाही, चष्म्याची काच धूसर झालीये, आणि मग तासतासभर ती काच पुसत बसायचं. शेवटी हो म्हणाले तेही अटीवर. बसमध्ये मळमळतं, परक्या माणसाच्या टॅक्सीत बसणार नाही, तू स्वतः गाडी घेऊन ये. आता गाडी नाही असं त्यांच्या कानावर गेलं, तर ‘बरं झालं, पुढच्या वर्षी बघू’ म्हणून मोकळे होतील. आणि पुढच्या वर्षी काय होईल ते डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलंय. अजून उशीर केला तर एक डोळा गेलाच म्हणून समजा.

आता गाडीचं ऐक. ती अर्धी विजेची आणि अर्धी पेट्रोलची, हे मी तुला बऱ्याचदा सांगितलंय (प्रत्येक वेळी तू जांभई दिलीस). घरी प्लग लावला की पन्नासेक किलोमीटर बॅटरीवर जाते, त्यापुढे इंजिन. माझं ऑफिस अकरा किलोमीटरवर. त्यामुळे सात महिने इंजिन जवळजवळ सुरूच झालं नाही, आणि हे मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला कौतुकानं सांगत होतो. पण तुमचं गाव दीडशे किलोमीटर. म्हणून मागच्या शनिवारी म्हटलं, अण्णांना बसवायच्या आधी इंजिनाला जरा फिरवून आणू. गावाबाहेर बॅटरी संपली, इंजिन सुरू झालं आणि गाडी गचके द्यायला लागली. समोर पिवळा दिवा. कसाबसा रखडत घरी आलो. (वाटेत चार्ज करत जायचं म्हटलं तर दोनदा तीन-तीन तास थांबावं लागेल, म्हणजे अण्णा पहिल्याच थांब्यावरून चालत घरी परत जातील.)

गाडी आत येताना पाहून सल्लागार खाली आले. सल्लागार म्हणजे आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी, निवृत्त झाल्यापासून सगळ्या इमारतीच्या गाड्यांचे पालक. सल्लागार हे त्यांच्या माघारी, तोंडावर काका. त्यांच्याकडे स्टिअरिंगखाली खुपसायचं एक यंत्र आहे, ते लावलं की मोबाईलवर गाडीचा आजार दिसतो. निघालं असं, की इंजिनात किती हवा जातेय ते मोजणारा सेन्सर चुकीचं मोजतोय. तो हवेच्या नळीत असतो, अंगठ्याएवढा, प्लास्टिकचा, आणि त्याच्या आत केसाहून बारीक तार असते. बहुतेक नुसता मळला असेल, म्हणाले, स्प्रे मिळतो तो मारा, पण काही झालं तरी हात लावू नका. हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तुझ्या वहिनीकडे बघून.

ताई, तू तरी समजून घेशील. आपण कुठल्या घरात वाढलो? अण्णांनी चौतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या पुसल्या. घरात रेडिओ बिघडला की आधी पुसा, घड्याळ थांबलं की आधी पुसा, मला गणितात कमी मार्क पडले तेव्हा त्यांनी माझी पाटी पुसली होती. अजूनही दर वर्षी जुन्या शर्टांचे चौकोन कापून, कडा शिवून, बारा फडक्यांचा गठ्ठा मला पाठवतात. आणि समोर तो सेन्सर, त्यावर राखाडी चिकट थर, आणि हातात फडकं. मी स्प्रे मारला. थर जाईना. मग फडक्याचं टोक पिळून बारीक केलं आणि अगदी हळूच फिरवलं. एकदा. (दोनदा.) तार कुठे गेली ते शेवटपर्यंत दिसलं नाही, फडक्यालाही नव्हती.

मग नवा सेन्सर आणायला गेलो, आणि तिथे माझे जे हाल झाले ते वैऱ्याच्याही वाट्याला न येवोत. शोरूममध्ये मला गारेगार सोफ्यावर बसवून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळेल. म्हणून बाजारात सुट्या भागांच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे न बघता बोलतो. त्यानं गाडीचं मॉडेल विचारलं, मी सांगितलं, त्यानं डबी दिली. घरी येऊन बघतो तर तो नुसत्या पेट्रोलवाल्या गाडीचा. दिसायला सख्खे भाऊ, पण खटक्यात बसेना. परत गेलो. आता म्हणे चासी नंबर आणा. परत घरी, काचेखालचा नंबर वाकून वाकून लिहून घेतला, परत दुकान. माझ्या आठाला तो तीन म्हणाला. तीन हेलपाट्यांनंतर बुधवारी ऑर्डर गेली आणि आज सकाळी सेन्सर हातात आला.

बसवायला दोनच स्क्रू. पण त्यांची डोकी चांदणीची, आणि तसा पेचकस घरात कसा असेल? तो सल्लागारांकडे होता, म्हणजे पेचकसाबरोबर सल्लागारही आले, बसायला स्टूल घेऊन. त्यांनी मला बॉनेटखालच्या जाड नारिंगी केबल दाखवल्या आणि सांगितलं, याला हात लागला तर माणूस उरत नाही. आपल्या कामापासून त्या अर्धा हात लांब होत्या, पण तुझ्या वहिनीनं ऐकलं. मग मी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून काम करतोय आणि ती मागे फरशी पुसायच्या काठीचा लाकडी दांडा घेऊन उभी, मी चिकटलोच तर ढकलायला. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते. तशातही मी सगळं शिस्तीत केलं हो. नळी उघडली तेव्हा आत धूळ जाऊ नये म्हणून तिच्या तोंडात फडकं कोंबलं (अण्णांचा नियम, उघडी बाटली नाही ठेवायची). एक स्क्रू खाली पडला, तो आतल्या पत्र्यावरून काढायला पाऊण तास गेला. मग सेन्सर बसवला, नळी लावली, सगळं वरून पुसून घेतलं.

आणि इंजिन सुरू होईना. बिघाड म्हणून नव्हे, त्याची मर्जी म्हणून. बॅटरी भरलेली, त्यामुळे बटण दाबलं की गाडी गप्प बसते, इंजिन म्हणतं माझी गरज काय. सल्लागार म्हणाले हीटर पूर्ण लावा, मग ते उठतं. भर दुपारी, काचा बंद, हीटर पूर्ण, हातात रबरी मोजे, असा मी वीस मिनिटं बसलो. शेवटी इंजिन उठलं, दमेकऱ्यासारखं दोनदा धापलं आणि बंद पडलं. पिवळा दिवा पुन्हा हजर. म्हणजे नवा सेन्सरही खराब. इतका संताप आलाय म्हणून सांगू. कंपनीला दोन पानी तक्रार लिहिली आहे आणि त्यात एकही शब्द सौम्य नाही. सोमवारी गाडी ओढून गॅरेजला नेतील, पण माझा आता कशावरच भरवसा नाही. तेव्हा तू अण्णांना एवढंच सांग, की डॉक्टर परगावी गेलेत, तारीख आठवडाभर पुढे गेली. तुझ्या तोंडून खरं वाटेल. माझं खोटं त्यांना आवाजावरून कळतं.

तुझा त्रासलेला,
धाकटा

ता. क. (सोमवार) कुरिअरवाल्याचं दुकान काल बंद होतं म्हणून पाकीट घरातच राहिलं, ते एक बरं झालं. डॉक्टरांचं खोटं सांगू नकोस. गाडी सुरू झाली. गॅरेजवाल्या बाईंनी नळी सोडवली, दोन बोटं आत घातली आणि फडकं बाहेर काढलं. ते झटकून, घडी करून माझ्या हातात दिलं. सेन्सर उत्तम आहे. तक्रार अजून टाकलेली नाही, ती मी फाडतो. इंजिनावर साठ किलोमीटर फिरून आलो, दिवा लागला नाही. गुरुवारी अकराला दारात हजर.

ता. क. २. खरं काम आता सांगतो, शनिवारी धीर झाला नव्हता. गुरुवारी तूही गाडीत बस आणि आठ दिवस इथे राहा. दुकान भाऊजी बघतील. डॉक्टरांनी सांगितलंय, ऑपरेशननंतर डोळ्याला बोटसुद्धा लागता कामा नये. आणि आपले अण्णा ताई, त्यांना धूसर दिसलं की हात आपोआप वर जातो. मी त्यांना काय अडवणार? मला तीनदा सांगूनही मी पुसलं. त्यांचा हात धरायला तूच हवीस. मला खरंच भीती वाटते.

ता. क. ३. ते फडकं घरी आणून नीट बघितलं. यंदाच्याच गठ्ठ्यातलं. कडेची शिवण अर्ध्यावर कापडावरून घसरून हवेतच गेली आहे आणि पुन्हा बोटभर आत आली आहे. बारापैकी नऊ तशीच. वर्षभर वापरतोय आणि माझ्या लक्षात आलं नाही. गाडी कशानं दुरुस्त झाली असं अण्णांनी विचारलं तर सांग, आधी पुसून बघितली, तेवढ्यानंच झाली.