पुनमच्या लग्नाला मामा का आला नाही

लातूर, मंगळवार

चि. सौ. सगुणाबाईस,

शेषेरावचे अनेक आशीर्वाद. देविदासरावांना नमस्कार, तुझ्या सासूबाईंना दंडवत. नायगावची मंडळी खुशाल असतील, मांडव उतरला असेल आणि उरलेली बुंदी गल्लीत वाटून झाली असेल असं धरून चालतो. तुझा गुडघा कसा आहे? लग्नघरात तुला कुणी घडीभर बसू दिलं नसणार. पत्र बघून दचकू नको. तू माझा फोन उचलत नाहीस, केवळाच्या फोनवरून केला तर 'वहिनी, कामात हाय' म्हणून ठेवतेस. मग उरलं काय, पोस्टच, तेही स्पीडपोस्ट. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच.

पत्रिकेत व्यंकटचं नाव माझ्या नावाच्या वर छापलं म्हणून मी रुसून घरी बसलो, असं तू पाव्हण्यारावळ्यांत सांगितलंस म्हणे. मी कुरकुरलो, हे खरं आहे. चुलत मामा वर आणि सख्खा मामा खाली, हे बघून माणूस कुरकुरणारच. रेणापुरात ज्याच्या त्याच्यापुढं कुरकुरलो आणि त्यातल्याच कुणीतरी ते इमानदारीनं तुझ्यापर्यंत पोचवलं. (तो कोण, ते मला माहीत आहे. त्याच्या घरचं लग्न निघू दे.) पण एवढ्यासाठी मी पुनमचं लग्न सोडीन? बाई, तू मला इतकी वर्षं ओळखतेस. मी रुसतो तो जेवणाच्या पंगतीपर्यंत, त्यापुढं माझा रुसवा टिकलेला कुणी पाहिला आहे का?

दोष देत नाही, पण सुरुवात तुझ्या एका वाक्यानं झाली. तारीख ठरली त्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, "दादा, नवरीला उचलून बोहल्यावर आणायचं हाय. पुनम आता लहान न्हाई राहिली. तुला झेपंल का? न्हाई तर व्यंकटला सांगते." तू सहज बोललीस, मला ते लागलं. ज्या पोरीला मी जत्रेत खांद्यावर बसवून फिरवलं, तिला उचलायला व्यंकट? (पुनम जाड आहे असं मी कुठंही म्हटलेलं नाही. ती आपल्या आईवर गेली आहे, आणि आपली आई बैलगाडीत मागं बसली की गाडी पुढून वर उलाळायची, एवढंच म्हणतो.)

त्याच दिवशी मी अंगात ताकद आणायचं मनावर घेतलं. तालमीतली पोरं दुधात कच्ची अंडी फेटून पितात, हे मी लहानपणापासून बघत आलो आहे. अडचण होती ती केवळाची. तिच्या गळ्यात माळ. आमच्या घरात अंडं शिजायचं तर सोडच, अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी ती भांडी पुन्हा घासायला काढते. त्यामुळं उकडायचा प्रश्नच आला नाही. मी शेजारच्या शेतातल्या आनंदराजकडून गावरान अंडी आणायचो आणि आपल्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी, कडब्याच्या गंजीत लपवून ठेवायचो. कडबा उन्हानं तापायचा, अंडी तापायची, अंड्यांना कोंबडीची घाण लागलेली असायची ती मी धोतरानं पुसायचो आणि गाडीच्या आऱ्यावर फोडून दुधात सोडायचो. बैल माझ्याकडं बघून मान फिरवायचे. जनावराला कळलं ते मला कळलं नाही. अंडी पिऊन झाली की सोयाबीनचं पोतं उचलायचं आणि गोठ्यापासून विहिरीपर्यंत न्यायचं. पोत्याला मी केवळाचं जुनं लाल लुगडं गुंडाळलं होतं, नवरीचा अंदाज यावा म्हणून. एकदा आनंदराजनं ते बघितलं आणि आल्या पावली माघारी गेला.

पुढं व्हायचं ते झालं. ताप भरला, पोट बिघडलं, आणि घर ते शेत एवढ्या वाटेत मी किती वेळा आडोसा शोधला ते बाईमाणसाला लिहिण्यासारखं नाही. केवळा म्हणाली उन्हाचं आहे. मीही उन्हावरच ढकललं, अंड्यांचं सांगणार कसं? दुकानातून गोळ्या आणल्या, बरं वाटलं, बंद केल्या. साखरेची गोळीही त्याच नादात बंद झाली. (मला साखर आहे हे तुला माहीत नव्हतं. आता झालं.) आणि अंगात अशक्तपणा आला म्हणून अंडी वाढवली. हे वाचून तू कपाळावर हात मारला असशील. मी इथं पडून रोज मारतो आहे.

मग कंबर धरली. पोतं उचलणाऱ्याची कंबर धरली तर दुसरं काय म्हणायचं? उसण भरली, असं गाव म्हणालं, मीही म्हणालो. उसणीला आपल्याकडं औषध ठरलेलं, पायाळू माणसाची लाथ. आमच्या गल्लीत उदगीरकडची गौरम्मा आहे, जन्मताना पाय आधी आलेली. माणूस वाळलेलं, पण पाय विचारू नको. "अय्यो, उसणच हाय, पालथं पड," म्हणाली आणि कमरेत अशी हाणली की मला माझे सगळे पूर्वज आठवले. वर पाया पडावं लागतं, नाही तर गुण येत नाही. मी पाया पडायला वाकलो आणि तसाच राहिलो. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं. गौरम्मा म्हणाली, उसण जुनी आहे, आणखी यावं लागेल. मी गेलो, बाई. मी आपल्या पायानं लाथा खायला गेलो. डोक्यात एकच होतं, लग्नापर्यंत कंबर मोकळी झाली पाहिजे.

लग्नाच्या दिवशी मी आलो नाही असं तू म्हणतेस. मी निघालो होतो. नवा सदरा घातला, फेटा बांधला, दोघांनी उचलून जीपमध्ये आडवं केलं. रेणापूरच्या वेशीवरचा गतिरोधक आला आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून ड्रायव्हरनं जीप सरळ माघारी वळवली. मी त्याला शिव्या दिल्या, विनवलं, शेवटी रडलो. तो केवळाचंच ऐकत होता. घरी फेटा बांधूनच पडून राहिलो. तुमच्या मांडवातून कुणीतरी मोबाइलवर दाखवत होतं, ते केवळानं माझ्या तोंडासमोर धरलं. व्यंकटनं पुनमला उचललं. अगदी सहज उचललं, हसत. ती मात्र मागं वळून दारात बघत होती. बाई, ती कुणाला बघत होती ते मला माहीत आहे.

त्याच आठवड्यात थंडी वाजून ताप आला तेव्हा केवळानं मला लातूरला आणून टाकलं. इथल्या डॉक्टरबाई, शिल्पा नावाच्या, पोरीच्या वयाच्या आहेत पण बोलतात आपल्या आत्यासारखं. पाठीचा मोठ्या यंत्रातून फोटो काढला, लांब सुईनं मणक्यातून पू ओढला, तपासायला पाठवला, आणि मग मला विचारलं, "आजोबा, कच्चं काही खाल्लं होतं का? अंडी?" (आजोबा! तेही सोसलं.) केवळा उशाशी उभी. मी म्हणालो, छे, आमच्या घरात माळ आहे. डॉक्टरबाईंनी केवळाला औषध आणायला खाली पाठवलं आणि पुन्हा विचारलं. मग मी सगळं सांगितलं, कडब्याच्या गंजीपासून गौरम्माच्या पायापर्यंत. लाथांपाशी आलो तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

तर हा साल्मोनेला नावाचा जंतू आहे, टायफॉइडच्या भावकीतलाच. एरवी येतो, पोट बिघडवतो आणि वाटेला लागतो. पण फार थोड्या जणांत, त्यातून साखर वाढलेली असली, औषध अर्धवट सोडलं असलं, तर तो रक्तात शिरतो आणि कुठंही जाऊन बसतो. हाडात, हृदयाच्या झडपेत, कुणाच्या मेंदूतसुद्धा. माझ्या तो मणक्यात बसला. ती उसण नव्हतीच. अंड्यांतूनच आला की पाण्यातून, हे डॉक्टरबाई छातीठोक सांगत नाहीत, पण मी आपला निकाल देऊन टाकला आहे. औषध घेऊन परत आल्यावर केवळाला अंड्यांचं कळलंच. तिनं खालून आणलेला चहा मला पाजला आणि खिडकीकडं तोंड करून बसली. तिनं भांडी आपटली असती तर बरं वाटलं असतं.

सलाईनमधून औषधं चालू आहेत, ती बरेच आठवडे चालतील. ताप उतरतो आहे. एकंदरीत काळजीचं काही नाही. चूक माझी झाली. मला झेपणार नव्हतं, हे तुला फोनवर तेव्हाच सांगायला हवं होतं. नवरीला हाताला धरून चालवत आणलं असतं तरी मामाचा मान गेला नसता. पुनमला म्हणावं, मामा रुसला नव्हता. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा दादा,
शेषेराव

ता. क. गौरम्माला फोन करून शिव्या देऊ नको. आनंदराजलाही नको.

ता. क. दुसरा. व्यंकटनं पुनमला चांगलं उचललं. हे त्याला कळवायची गरज नाही.

ता. क. तिसरा. काळजीचं काही नाही असं वर लिहिलं ते केवळा वाचेल म्हणून लिहिलं. ती आता डबा धुवायला गेली आहे. कालपासून माझा डावा पाय माझं ऐकत नाही. मणक्यातला पू नसेवर दाबतो आहे, म्हणून शुक्रवारी सकाळी पाठ उघडणार आहेत. पाय येईल परत असं डॉक्टरबाई म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडं बघत नाहीत. मला भीती वाटते आहे, सगुणा. हे केवळापुढं बोलता येत नाही, ती आधीच अर्धी झाली आहे. नायगावहून नांदेडला आलीस की लातूरची एसटी मिळते. राग सोडून ये असं म्हणत नाही. राग घेऊनच ये, इथं बसून पोटभर भांड, मी कुठं उठून जाणार आहे? फक्त शुक्रवारच्या आत ये.